दात पाच वेळा कोण घासतं?

हे मी कोणासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. सकाळी उठल्याबरोबर तळहातावर चिमूटभर काळी पूड घेऊन, मागच्या दारात बसून बोटाने ती हिरड्यांवर घासणाऱ्या आणि वर "आम्ही कुठं तंबाखू खातो?" असं विचारणाऱ्या बायकांसाठी. त्याहून जास्त त्यांच्या मुलींसाठी. मी स्वतः चौतीस वर्षं अशीच बाई होते.

मी जळगावच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेतलं 'तंबाखूमुक्त शाळा' हे काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. गेटबाहेरच्या रस्त्यावर तंबाखूबंदीची पिवळी रेघ मारतात ना, ती मी उन्हात उभी राहून मारून घेतली होती. परिपाठाला मुलींना शपथ मीच द्यायचे. हात पुढे, आवाज खणखणीत. आणि माझी मिश्रीची डबी स्टाफरूममधल्या पर्समध्ये असायची, सेफ्टी पिनांच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी. मधल्या सुट्टीत मी बाथरूममध्ये जाऊन लावून यायचे. यात काही खोटं आहे असं मला कधी वाटलंच नाही. मिश्री तव्यावर तंबाखू भाजून करतात हे मला ठाऊक होतं. आमच्या बोदवडजवळच्या गावात मी ती लहानपणापासून भाजताना पाहिली होती. पण डोक्यात तिची जागा मीठ, कोळसा, दंतमंजन यांच्या ओळीत होती.

सुरुवात माझ्या मोठ्या बहिणीने करून दिली. तिला आम्ही अक्का म्हणतो. मी तेरा वर्षांची होते, दाढ ठणकत होती आणि कापूस वेचायला जायचं होतं. अक्काने आपल्या डबीतली चिमूट माझ्या दाढेवर दाबली. मला गरगरलं, उलटी झाली आणि दाढ ठणकायची थांबली. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती, तरी मी डबी मागितली.

दातांचे डॉक्टर

सत्तेचाळिसाव्या वर्षी, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या तेव्हा, माझी खालची डावी दाढ हलायला लागली. हिरडीवर पांढरा चट्टा होता. तो किती दिवसांचा ते सांगता येत नाही, कारण मी पाहिलाच नव्हता. शेवभाजीचा घास घेतला की त्या बाजूला आग व्हायची, म्हणून मी उजवीकडून खात होते. पिंप्राळ्यात आमच्या घराजवळच दातांचे एक तरुण डॉक्टर आहेत. दाढ काढून टाका म्हणायला मी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, तंबाखू खाता?"

"नाही हो. मी शिक्षिका आहे."

"गुटखा, सुपारी?"

"नाही."

"मिश्री?"

"ती लावते. दात घासायला."

"दिवसातून किती वेळा?"

मी मनात मोजलं. सकाळी, शाळेत जाताना, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, जेवणानंतर. "पाच वेळा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. "दात पाच वेळा कोण घासतं, मॅडम?"

ते मुळीच रागावले नव्हते. खरोखर विचारत होते. त्यांनी दाढ काढली नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "उद्याच जा. परवा नको."

रिपोर्टचा दिवस

हिरडीचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्याने रिपोर्ट आला. मी आणि सायलीचे पप्पा दोघं गेलो होतो. सायली आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहावीत. तिचे पप्पा वीज कंपनीत आहेत. खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस, सहजी घाबरत नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द सरळ वापरला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. वळसे घेतले असते तर मला अर्धं कळलं असतं. खालच्या जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल, मग रेडिएशनचे शेक द्यावे लागतील, आणि वेळेवर आलात, असं ते म्हणाले. शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

खाली येऊन स्कूटरला किल्ली लावताना सायलीचे पप्पा म्हणाले, "तूच शाळेत शपथ देते ना पोरींना?"

एवढंच. मी मागे बसले. घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही, आणि पुढे चार दिवसही नाही. मला वाटलं, अशा वेळी माणूस धीर देईल, हा टोमणा मारतो. पाचव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ते ओट्याशी उभे होते आणि माझ्या सगळ्या डब्या समोर मांडलेल्या होत्या. देवघरामागची, शिवणयंत्राच्या खणातली, पर्समधली आणि गच्चीवरच्या कुंडीतली.

"मला सगळ्या माहीत होत्या," ते म्हणाले. "वीस वर्षांपासून माहीत होत्या. मी बोललो नाही. मी तुझ्यावर नाही, स्वतःवर चिडलो होतो त्या दिवशी."

मग आम्ही दोघांनी मिळून त्या डब्या मोरीत रिकाम्या केल्या. पाणी किती तरी वेळ काळं येत राहिलं.

धुळे

ऑपरेशन धुळ्याला करायचं ठरलं, कारण अक्का तिथे असते. लग्न होऊन ती तिथल्या देवपुरात गेली त्याला तीस वर्षं झाली. तिची भाषासुद्धा आता पूर्ण अहिराणी झाली आहे. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे उतरले. तिने दार उघडलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडायलाच लागली.

"बठ्ठं मन्हामुळे व्हयनं," ती म्हणाली. "मीच तुले शिकाडं."

"सगळं तुझ्यामुळे कसं, अक्का? तू एकदा दिलीस. बाकीच्या वेळी मी स्वतः लावली," मी म्हणाले. हे तिला बरं वाटावं म्हणून नव्हतं. ते खरंच होतं, आणि बोलून टाकल्यावर माझीच छाती हलकी झाली.

ऑपरेशन सात तास चाललं. मला त्यातलं काही माहीत नाही, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. जाग आली तेव्हा गळ्यात नळी, नाकात नळी, मांडीची कातडी तोंडात लावली होती म्हणून तिथे पट्टी आणि डावा गाल दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा. बोलता येत नव्हतं. सायलीची एक रफ वही आणि पेन उशाशी ठेवलं होतं. वहीच्या अर्ध्या पानांवर तिची बीजगणिताची गणितं होती. उरलेल्या पानांवर मी सिस्टरशी बोलायचे. पहिलं वाक्य मी लिहिलं, "आरसा नको."

शेजारच्या कॉटवर शमीम आपा होत्या. धुळ्यातच राहणाऱ्या, साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या, माझ्याच वयाच्या. त्या सुपारी खायच्या, म्हणून त्यांचं तोंड एका बोटापुरतंच उघडायचं. त्यांचं ऑपरेशन माझ्याआधी आठ दिवस झालं होतं, म्हणून त्या आमच्या वॉर्डात सीनियर. पाचव्या दिवशी त्यांनी आपल्या पिशवीतून छोटा आरसा काढला आणि माझ्या हातात दिला.

"देख लो, बाजी," त्या हळूच म्हणाल्या. "मी पण घाबरले होते. नाही बघितलं तर मनात याच्यापेक्षा खराब दिसतं."

मी पाहिलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मनातलं फार खराब होतं.

दिवस एकाच ठरलेल्या चाकोरीत जायचा. सकाळी पट्ट्या, मग नळीतून दूध, मग गळ्याची सफाई, जी मला कधीच सोसली नाही. अकराला अक्का यायची. मिक्सरमधून काढलेलं वरण-भाताचं पाणी ती गाळून आणायची आणि सिस्टर ते नळीतून सोडायच्या. जिभेला काही लागायचं नाही, तरी अक्का रोज सांगायची, "आज लसूण घालेल शे." आणि मला तो लसूण लागायचा.

सायली

सहाव्या दिवशी रविवार होता. सायली आणि तिचे पप्पा जळगावहून बसने आले. पप्पा औषधं आणायला खाली गेले. शमीम आपांना ड्रेसिंगला नेलं होतं. सायली स्टुलावर बसली, दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "मम्मी, रागवायचं नाही."

मी मान हलवली.

"मी पण लावते."

मला आधी कळलंच नाही. गंध? नेलपॉलिश? मग तिने आपला खालचा ओठ जरासा ओढला आणि मला कळलं.

मी वहीत लिहिलं, "केव्हापासून?"

"आठवीच्या सुट्टीपासून. तुझ्याच डबीतली. शिवणयंत्राच्या खणातली. डब्या ओतल्यावर मैत्रिणीकडून."

सव्वा वर्ष. माझ्या घरात, माझ्या डबीतून. मी लिहिलं, "का?"

तिने पट्टा पुन्हा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "तू चिडलेली असली ना, की लावायची. मग तुझा चेहरा एकदम शांत व्हायचा. मला पण तसं व्हायचं होतं."

रिपोर्टच्या दिवशी मी रडले नव्हते. ऑपरेशनला नेताना रडले नव्हते. त्या स्टुलाशेजारी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गळ्यातल्या नळीमुळे श्वास अडकला, सिस्टर धावत आल्या. सायली घाबरून उभी राहिली. मी सिस्टरना हातानेच बाजूला केलं आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तोंड उघड."

सिस्टरच्या मोबाइलचा उजेड घेऊन मी माझ्या मुलीचं तोंड आतून पाहिलं. डावी हिरडी, उजवी हिरडी, गालाची आतली बाजू, जिभेखाली. मला त्यातलं काय कळणार होतं? तरी पाहिलं. नंतर आमच्या सर्जन बाईंनी पाहिलं. त्यांनी सायलीला समोर बसवून सांगितलं, "आत्ता काही नाही. आज बंद केलंस तर हिरडी पुन्हा नीट होईल. किती वेळा लावतेस?"

"दोनदा."

"दात घासायला?"

"नाही," सायली म्हणाली. "लागते म्हणून."

मला चौतीस वर्षांत जे तोंडातून काढता आलं नाही ते पंधरा वर्षांची मुलगी एका वाक्यात बोलली.

तलफ

कोणी सांगत नाही ती गोष्ट मी सांगते. जबड्याचं हाड काढून झालं तरी तलफ गेली नाही. अकराव्या दिवशी अक्का माझ्यावर वाकून उशी नीट करत होती, तेव्हा तिच्या बोटाला मिश्रीचा वास आला. ज्या तोंडात घासायला जागा उरली नव्हती त्या तोंडाला ती हवीशी वाटली. मला स्वतःची भीती वाटली. मी वहीत लिहून सर्जन बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तलफ लाटेसारखी येते. पाच-दहा मिनिटं तग धरा, उतरते."

घड्याळ माझ्या कॉटसमोरच होतं. मी तग धरून बघितला. उतरली. दोन तासांनी परत आली, परत उतरली.

सायलीचं जास्त कठीण गेलं. तिला कॉटवर बांधून ठेवणाऱ्या नळ्या नव्हत्या. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, पप्पांवर खेकसायची. दोनदा तिने मैत्रिणीच्या आजीच्या डबीतून घेतली आणि दोन्ही वेळा फोन करून मला सांगितलं. माझ्या गळ्यातली नळी तोवर निघाली होती, पण बोलणं कळत नव्हतं. मी फोनवर नुसती "हं" म्हणायचे. ती म्हणायची, "मम्मी, तू हं म्हण, मी घड्याळ लावते." आम्ही दोघी फोन कानाला धरून दहा मिनिटं गप्प बसायचो. तिकडून पंख्याचा आवाज यायचा.

शेकांचे सहा आठवडे मी अक्काकडेच काढले. तोंड आतून सोलून निघालं. ते दिवस मला लिहावेसे वाटत नाहीत, फक्त एवढं सांगते की ते संपतात. तोंड उघडण्याचा व्यायाम म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या असतात. माझी पाच काड्यांपासून सुरुवात झाली. शमीम आपा दोनवर होत्या. रोज सकाळी आम्ही एकमेकींना आकडा कळवायचो. मी बारावर गेले त्या दिवशी अक्काने दुधात केळं कुस्करून दिलं आणि मी ते चमच्याने, माझ्या तोंडाने खाल्लं. जळगावची बाई मी, केळ्यांत वाढलेली. केळं एवढं गोड असतं हे मला तेव्हा कळलं.

तुषार सर

जानेवारीत मी शाळेत परत आले. डावा गाल बसलेला, डावा ओठ खाली ओढलेला. 'स' आणि 'श' माझ्या तोंडून एकसारखेच येतात. मराठीच्या बाईंचे! मुख्याध्यापिका बाईंनी मला शिकवण्याऐवजी ग्रंथालय दिलं. त्यांचा हेतू चांगला होता. मी पदर गालावर घेऊन पुस्तकांना नंबर घालत बसले.

फेब्रुवारीत किशोरवयीन मुलींसाठी एका वक्त्याचं व्याख्यान ठेवलं होतं. तुषार सर, तिशीतला तरुण, शाळा-कॉलेजांतून निर्व्यसनी राहण्यावर बोलायचा. माणूस हुशार होता. मुलींना हसवलं, टाळ्या वाजवायला लावल्या, सिगारेट, गुटखा, हुक्का, हल्लीची ती वाफेची पेनं, सगळ्यांवर बोलला. मी मागच्या रांगेत बसून मुलींचे चेहरे पाहत होते. त्या ऐकत होत्या, पण दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तशा. भावांची गोष्ट. टपरीवरच्या पोरांची गोष्ट. त्याने "काही प्रश्न?" असं विचारलं आणि सभागृह गप्प.

मी उभी राहिले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. उभी राहिले आणि चालत पुढे गेले. त्याने माइक माझ्या हातात दिला आणि स्वतः मुलींमध्ये खाली सतरंजीवर जाऊन बसला.

"घरी मिश्री कोण कोण लावतं?" मी विचारलं. शब्द चिकट आले. मागून कोणीतरी हसलं.

मी पुन्हा विचारलं. एक हात वर आला. मग दहा. मग बहुतेक सगळे. आई, आजी, काकू, शेजारीण.

"आणि तुमच्यापैकी?"

एकही हात नाही.

मी पदर काढला. "मी तेराव्या वर्षी लावली," मी म्हणाले. "दाढ दुखत होती म्हणून. आणि ह्याच मंचावरून सहा वर्षं तुम्हाला शपथ देत होते तेव्हाही लावत होते. मी तुमच्याशी खोटं वागले."

नंतर मी काय बोलले ते तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर न करताच विचारलं, "बाई, आता बंद केली तर चालंल का? का उशीर झाला?"

"चालेल," मी म्हणाले. "आज चालेल."

गर्दी पांगल्यावर तुषार सर माझ्याजवळ आले. "मॅडम, मी पाच वर्षं बोलतोय आणि मिश्रीचं नावसुद्धा घेतलं नाही. माझी आई लावते. तुम्ही माझ्याबरोबर चला." मग जरा थांबून म्हणाले, "एक सांगू? रडवू नका. रडलेली पोरगी घरी जाऊन विसरते. तिला काहीतरी करायला द्या."

त्यांचं मी ऐकलं. आता आम्ही बोदवडला जातो, चोपड्याला जातो, धुळ्याला जातो. मी मुलींना रडवत नाही. आरशात स्वतःचं तोंड कसं पाहायचं ते दाखवते, तलफेला घड्याळ कसं लावायचं ते शिकवते, आणि घरी आईला काय म्हणायचं ते आम्ही चक्क नाटक करून बसवतो. आई मीच होते. माझा 'स' आणि 'श' अजून तसाच आहे, पण तिसऱ्या मिनिटाला मुलींना त्याची सवय होते. मी वर्गातही परतले. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आत्तापर्यंत सगळं साफ आहे.

अक्काने मिश्री पूर्ण सोडलेली नाही. पाचवरून एकवर आली आहे. ती एक सकाळची. हे तिला विचारून लिहिलं आहे. ती म्हणाली, "लिख, खोटं नको लिखू."

देवपूर

सायली आता बारावीला आहे, देवपुरात अक्काकडे राहून शिकते. तिचं गुपित मी कुठल्याच व्याख्यानात सांगितलं नव्हतं. ते तिचं होतं.

गेल्या महिन्यात तिच्याच कॉलेजने आम्हाला बोलावलं. मुलं-मुली एकत्र, सभागृह भरलेलं. माझं बोलणं झालं, टाळ्या झाल्या, तुषार सर आभार मानायला उठले, तेवढ्यात सायली मधल्या रांगेतून उठून सरळ वर आली. मला तिने काही सांगितलेलं नव्हतं. मी खुर्चीतून अर्धवट उठले. तुषार सर माझ्या कानाशी म्हणाले, "बसा मॅडम. बोलू द्या."

"ह्या माझ्या मम्मी," तिने माइकवर सांगितलं. "मी आठवीच्या सुट्टीपासून मिश्री लावत होते. हिच्याच डबीतली. आता सोडून अडीच वर्षं होतील."

मागच्या बाकावरून एका मुलाने हाक दिली, "तू? मुलगी असून?"

"हो का?" सायली म्हणाली. "हिरडीला काय माहीत, मुलाची शे का मुलीची?"

सगळे हसले, तो मुलगाही हसला. मग ती बोलत राहिली. दोनदा चुकले ते सांगितलं. डोकं कसं दुखायचं ते सांगितलं. पोट साफ होत नाही हेसुद्धा, मुलांसमोर, न लाजता. "पहिले दहा दिवस तुम्ही घरात सगळ्यांशी भांडाल," ती म्हणाली, "तेव्हा आधीच सांगून ठेवा." माझ्यासारखे मोठे शब्द तिच्याकडे नव्हते. कार्यक्रम पत्रिकेवरच्या वेळेपेक्षा पंचवीस मिनिटं जास्त चालला आणि कोणी उठलं नाही.

नंतर नेहमी मुली माझ्यापाशी येतात. त्या दिवशी कोणीच आलं नाही. मंचाच्या पायऱ्यांपाशी सायलीसमोर रांग लागली होती. मुली होत्या, तीन मुलं होती. तो मागच्या बाकावरचाही होता, सगळ्यात शेवटी, कोणाचं लक्ष नाही असं दाखवत. ती प्रत्येकाशी खाली वाकून, हळू आवाजात बोलत होती.

खुर्च्या आवरायला आलेले काका माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, झालं ना? दरवाजा लावू?"

मी रांग मोजली.

"थांबा भाऊ," मी म्हणाले. "अजून नऊ जण आहेत."